सिनेमाबाहेरचं गाणं

श्रावणातल्या एखाद्या रविवारी डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत जा. कुठल्या तरी मजल्यावर सत्यनारायण असतोच. चौरंगाला केळीचे खांब, दाराबाहेर चपलांचा ढीग आणि स्पीकरवर प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात ‘ऐका सत्यनारायणाची कथा’. प्रसादाचा शिरा हातावर घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की हा आवाज दोन स्टेशनं पुढच्या कल्याणचा आहे? कव्वालीच्या सामन्यांत तावून निघालेल्या या माणसाने बाबासाहेबांवरची गाणी त्याच ताकदीने गायली आणि १४ एप्रिलच्या रात्री रेल्वेलाइनच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत हाच गळा घुमतो, हे तरी किती जणांना माहीत असतं?

दिवाळी जवळ आली की मी वर्षभरातल्या आवडत्या अल्बमची यादी करते आणि मित्रमैत्रिणींना पाठवते. इंडी रॉक आणि लोकसंगीत ही माझी दोन वेडं. यादीत दिल्लीचे, बंगळुरूचे, शिलाँगचे बँड असायचे, गिटार घेऊन एकट्याने गाणारा एखादा अमेरिकन असायचा. या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी नियम बदलला. ठाणे ते कल्याण हा पट्टा धरायचा. फार तर जुन्या ठाणे जिल्ह्याची हद्द, म्हणजे पार जव्हार-डहाणूपर्यंत. रेकॉर्ड कुठल्या साली निघाली ते बघायचं नाही, या वर्षी ती पुन्हा पुन्हा ऐकली गेली असली की झालं. बाहेरचं कुणी या पट्ट्यातल्या गाण्याला जाऊन भिडत असेल तर त्यालाही जागा द्यायची.

यामागे माझं एक ठाम मत आहे. सिनेमाच्या आधाराशिवाय गाणं लिहायचं, चाल लावायची, आपल्याच माणसांपुढे गायचं आणि त्यांच्याच खिशातून आलेल्या पैशांवर पुढचं गाणं उभं करायचं, हे आपल्याकडे गिटारवाल्या मुलांनी सुरू केलं असा समज आहे. आपल्या लाइनवर हे निदान पन्नास वर्षं चालू आहे. संगीतावर लिहिणाऱ्यांनी त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी घेतलेली नाही.

म्हणून यादीत पहिलं नाव प्रल्हाद शिंदे यांचं. जन्म १९३३चा, घराण्याची मुळं मंगळवेढ्याची, म्हणजे चोखोबांच्या गावची. या वर्षी मी त्यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं पाठोपाठ लावून ऐकली. एरवी ही दोन्ही वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या दिवशी वाजतात, त्यामुळे ती एकत्र कानावर पडतच नाहीत. पाठोपाठ ऐकल्यावर कळतं, की दोन्हीकडे गायकी एकच आहे. पट्टी उंच, आवाजाला धार, तरीही प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ. कव्वालाची सवय अशी, की ओळ समोरच्याच्या अंगावर टाकायची, क्षणभर थांबायचं आणि कोरसने ती उचलली की वरच्या सुरातून पुन्हा शिरायचं. ही सवय त्यांच्या भक्तिगीतातही उतरली आहे. देवाशी बोलतानाही त्यांचा स्वर गयावया करणाऱ्याचा नसतो, जाब विचारणाऱ्याचा असतो. ज्या विठ्ठलाच्या दारात चोखोबांना उभं राहू दिलं नव्हतं, त्याच विठ्ठलाला हा माणूस असा हाक मारतो. ऐकताना अंगावर काटा येतो, दर वेळी.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि या घराण्याची दुसरी पिढी, आनंद आणि मिलिंद शिंदे, घराघरांत पोचली. रेकॉर्डच्या जमान्यात कुणाचं गाणं छापायचं ते एखाददुसरी मोठी कंपनी ठरवत असे. कॅसेटमुळे ती मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने भारतातल्या कॅसेटच्या या उलथापालथीवर १९९३ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. सिनेमाच्या गाण्याची पकड सैल झाली आणि बोलीभाषांतली, छोट्या गावांतली, छोट्या समाजांची गाणी बाजारात आली, हे त्याने त्यात दाखवलं. त्याचा अभ्यास उत्तर भारताचा होता, पण कल्याण स्टेशनाबाहेरच्या कॅसेटच्या टपऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आनंद शिंदे यांचा ‘नवीन पोपट’ त्या टपऱ्यांवरून निघाला आणि वरातीतल्या बँडपासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाजला. तेव्हा त्याला थिल्लर म्हणणारे पुष्कळ होते. मला ते गाणं आजही आवडतं. ढोलकीचा ठेका घट्ट, बेंजोची तान चटकदार, आणि गाणारा आवाज इतका मोकळा, की स्टुडिओच्या काचेमागे उभं राहून गातोय असं वाटतच नाही. समोर माणसं बसली आहेत असं धरूनच तो गातो.

आणि समोर माणसं बसलेली असतातच. या गाण्याचं खरं घर कार्यक्रम आहे. भीमजयंती १४ एप्रिलला उरकत नाही. वस्त्यावस्त्यांतून तिचे कार्यक्रम मे महिन्यापर्यंत चालतात. कल्याण पूर्व, उल्हासनगर, अंबरनाथ, ठाण्यातल्या डोंगराकडच्या वस्त्या, कळवा-मुंब्रा या भागांत त्या दिवसांत संध्याकाळी फिरलं, तर कुठे ना कुठे मंडप लागलेला दिसतो. निळे झेंडे, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींना हार, पुढे सतरंजीवर बायका आणि मुलं, मागे खुर्च्या. गायन पार्टी येते ती टेम्पोने. पेटी, ढोलकी, बेंजो, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही. साउंडवाला बहुधा वस्तीतलाच पोरगा. आधी वंदना, मग एक-दोन संथ गाणी, आणि तासाभराने गायक उभा राहिला की मंडपाचा रंग बदलतो. एखादी आजी उठून व्यासपीठाजवळ येते आणि गायकाच्या हातात दहा-वीसची नोट ठेवते. गायक गाता गाता तिचं नाव विचारतो आणि पुढच्या ओळीआधी माइकवरून ते सांगतो. त्या नोटांची नोंद वहीत होते. परदेशी बँड श्रोत्यांकडून आगाऊ वर्गणी घेऊन अल्बम काढतात तेव्हा त्याचं केवढं कौतुक होतं. इथे श्रोता समोर येऊन, नाव सांगून पैसे देतो आणि ते गाणं पुढे चालतं.

गाणं कुणाचं, याची नोंद मात्र फार हलगर्जीपणे ठेवली जाते. आजच्या ॲपवर भीमगीत शोधलं तर गायकाचं नाव दिसतं, कंपनीचं दिसतं, कवीचं बऱ्याचदा गायब. पण या परंपरेतल्या कवींनी त्यावर उपाय आधीच करून ठेवला आहे: ते शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ‘वामन’ येतो, जसा अभंगात तुका येतो, नामा येतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मोठेपणी दुकानांवरच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलेला हा माणूस हजारो गाणी लिहून गेला. कॅसेटवरचा कागद फाटला, फाइलचं नाव बदललं, तरी कवी गाण्याच्या आतच बसलेला असतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. सहा आठवड्यांच्या आत एक लेखणी आणि एक गळा. त्या वर्षाचे वार्षिक आढावे कुणी काढून पाहावेत आणि या दोघांना त्यात किती जागा मिळाली ते मोजावं.

कल्याणच्या या घराण्यातली तिसरी पिढी आज सिनेमात गाते. आदर्श शिंदे यांचं ‘दुनियादारी’तलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ २०१३ साली ऐकलं नाही असं घर नसेल. त्या गाण्यात आजोबांची ती जाब विचारणारी हाक स्पष्ट ऐकू येते. सिनेमाला हा आवाज आयता मिळाला. तो घडला मंडपात.

आता रुळांवर. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली आणि पुढच्या वर्षी १ मेला कल्याणपर्यंत पोचली. आपली वस्ती, आपली नोकरी, आपली झोपसुद्धा या लाइनने ठरवली. तिने एक संगीतही घडवलं: लोकलमधली भजनी मंडळं. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, खिडकीवर अडकवलेली विठ्ठलाची तसबीर, पिशवीतून निघणारे टाळ. ढोलकी असली तर ढोलकी, नाहीतर डब्याच्या पत्र्यावर हाताने धरलेला ठेका. बँकेतला कारकून, गोदीतला फिटर, महापालिकेतला शिपाई पाठीला पाठ लावून उभे राहून गातात. गर्दीत दुखणाऱ्या कानांची तक्रारही असते आणि तीही खोटी नाही. पण मला या मंडळांबद्दल अपार आदर आहे. दिवसाचे तीन-चार तास प्रवासात जाणाऱ्या माणसांनी त्या वेळातून स्वतःसाठी काहीतरी वाचवलं आहे. तिथे गाणारा आणि ऐकणारा असा भेदच नसतो. मुलुंड आलं की एक उतरतो, त्याचे टाळ दुसरा घेतो.

हा ठेका कानात असलेल्या माणसाने ‘अभंग रिपोस्ट’ या मुंबईच्या बँडला ऐकावं. २०१६च्या सुमारास उभा राहिलेला हा बँड अभंग इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रमवर गातो. असे प्रयोग पुष्कळ झाले आणि त्यांतले बरेच मला सहन होत नाहीत, कारण त्यांत अभंग नुसता तोंडी लावायला असतो. यांचं तसं होत नाही, आणि त्याचं एक साधं कारण तालात आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा. रॉकचा चार-चारचा चौक त्याच्याखाली बरोबर बसतो, ओढाताण करावी लागत नाही. बेस गिटार मृदंगाच्या घुमाऱ्याची जागा घेते आणि टाळांचा उजेड ड्रमच्या झांजेत येतो. शब्दांना धक्का लावत नाहीत, चाल जिथे ओळखीची आहे तिथे ती ओळखू येऊ देतात, आणि गजर चढायला लागला की तो लोकलमध्ये चढतो तसाच, हळूहळू, एकेका आवाजाने चढवतात. नाट्यगृहाच्या खुर्चीत बसून हे ऐकणं मला जमत नाही. उभं राहावंसं वाटतं.

याच रांगेत इंडियन ओशनचा ‘कंदिसा’ दर वर्षी माझ्या यादीत परत येतो. २००० सालचा अल्बम. त्यातलं ‘मा रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत. दिल्लीच्या बँडने ते देशभर नेलं आणि नदीकाठच्या गाण्याला बेस गिटार शोभते हे माझ्या पिढीने त्यातून शिकून घेतलं. नीरज आर्य यांचा ‘कबीर कॅफे’ हा बँडही इथेच ठेवते. आणि मराठीत, कॉलेजातल्या मुलांनी एका अल्बमवर जीव टाकावा असं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत झालं ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, सौमित्रच्या कविता आणि मिलिंद इंगळे यांचा आवाज असलेल्या ‘गारवा’मुळे. ठाणेकरांनी मात्र त्याच्याही मागे जावं. पी. सावळाराम यांनी लिहिलेली आणि वसंत प्रभूंनी चाल लावलेली भावगीतं कुठल्या सिनेमाच्या कुबड्या घेऊन आली नव्हती. ती आधी रेडिओ आणि तबकडी यांच्या बळावरच माजघरात पोचली. हा कवी ठाण्याचा नगराध्यक्षही होता. नगराध्यक्षांनी लिहिलेलं गाणं गावातल्या बायका कामं करता करता म्हणतात, असं भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आलं असेल.

जुन्या ठाणे जिल्ह्याचा उत्तरेकडचा भाग १ ऑगस्ट २०१४ला वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. कागदावर वेगळा झाला, पण आपल्या भिंतींवर तो अजून आहेच. ठाणे-डोंबिवलीतल्या किती दिवाणखान्यांत, किती हॉटेलांच्या आणि स्टेशनांच्या भिंतींवर वारली चित्र असतं. मधोमध एक वादक, त्याच्याभोवती हात गुंफून गोल फिरणारी माणसं. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्रातला तो वादक तारपा वाजवतोय. चित्र लाखो घरांत पोचलं. त्यातला आवाज मात्र किती घरांनी ऐकला आहे?

वाळवलेला दुधीभोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, जोड बुजवायला मेण, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं लांब हे वाद्य. भात कापून झालं, वाघबारस आली, की त्याचे दिवस येतात. वादक श्वास तोडत नाही. नाकाने आत घेतलेली हवा गालात साठवून फुंकर चालूच ठेवतो, त्यामुळे सूर अखंड राहतो आणि नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत. चाल बदलली की पावलं बदलतात. नाचणारे गोलातून बाहेर न पडता वादकाच्या पाठोपाठ सरकत राहतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही, असा त्या नाचाचा दंडक. पहिल्यांदा ऐकताना तारपा कानाला घोगरा, एकसुरी वाटतो. पाच मिनिटं थांबावं. एकाच सुराच्या पोटात बारीक बारीक हालचाली चाललेल्या ऐकू यायला लागतात आणि मग त्या सोडवत नाहीत. गिटारच्या गजबजाटातून एकच सूर तासन्‌तास ताणणारे युरोप-अमेरिकेतले बँड ज्यांना आवडतात, त्यांनी जव्हारची एसटी पकडावी. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा आयुष्यभर तारपा बनवत आणि वाजवत आले. त्यांना २०२२ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रणं मोबाइलवर सहज सापडतात. हेडफोन लावून ऐकू नका, मोठ्या स्पीकरवर लावा. त्या कर्ण्याला मोकळी हवा लागते.

वारल्यांचा आवाज नव्या संगीतात आला तो ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप करणाऱ्या मंडळींमुळे. ‘द वारली रिव्होल्ट’ या त्यांच्या गाण्यात आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर स्वतः गातात. शीर्षकात १९४५चा उठाव आहे. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या सोबतीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध तो केला, आणि गोदूताईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधून आपण तो वाचला आहे. हे गाणं त्या उठावाची आठवण काढून थांबत नाही. आजच्या जंगलतोडीबद्दल, आजच्या माणसाच्या तोंडून बोलतं. भोईरांचा आवाज सुरुवातीला सुटा येतो आणि मग खालून ढोल आणि बेस उठतात. लोकसंगीताचा तुकडा कापून गाण्याच्या मध्ये चिकटवला आहे, असं कुठेही झालेलं नाही. गाणाऱ्याचं नाव आहे, त्याचा चेहरा आहे, त्याची बाजू आहे. ‘स्वदेसी’तला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविशीत गेला. ‘स्वदेसी’चा ‘चेतावनी’ हा अल्बम या वर्षी मी किती वेळा लावला याला गणती नाही.

या लाइनवरच्या तरुण मुलांना आता मराठीत रॅप करताना, नाचाचं संगीत करताना अवघडल्यासारखं वाटत नाही, ही मला या काही वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ साली नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं आणि मराठी बोल अशा ठिकाणी वाजले जिथे एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. महादेव कोळी समाजातली माही जी जंगलाबद्दल रॅप करते. दिवाळी पहाटेला डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि ठाण्याच्या तलावपाळीला नवे कपडे घालून जमणाऱ्या पोरापोरींच्या कानात हीच गाणी असतात. मुलांनी पैशांची मात्र ॲपवर भिस्त ठेवू नये. एका ऐकण्यामागे काही पैसेच हाती येतात. घर चालतं ते सुपारीवर. जत्रा, जयंती, हळद, पूजा: ज्याच्या तारखा भरल्या तो गायक तगला. शिंदे घराणं याच रस्त्याने उभं राहिलं.

हळदीचा विषय निघाला की आगरी-कोळी गाण्यांशिवाय पुढे जाता येत नाही. एकेकाळी कोळीगीत म्हणजे शांता शेळके, हृदयनाथ, लता आणि हेमंतकुमार. ती गाणी अजोड आहेत. पण दर्यावरच्या माणसांनी आपली गाणी आपणच कॅसेटवर आणली ती नव्वदच्या दशकात, ‘वेसावकर आणि मंडळी’च्या ‘वेसावची पारू’सारख्या कॅसेटमधून. मग खाडीच्या अलीकडच्या आगऱ्यांनीही मागे पाहिलं नाही. भिवंडी, कल्याण-शीळ रस्ता, डोंबिवलीलगतची सत्तावीस गावं, दिवा, पनवेलपर्यंत हळदीची रात्र म्हणजे गावची मैफल. जिथे मिठागरं आणि भातशेती होती तिथे आज टॉवर आहेत, गावं त्यांच्या मध्ये चिमटीत सापडल्यासारखी उरली आहेत. पण हळदीच्या रात्री आवाज गावाचा चालतो, टॉवरचा नाही.

त्या आवाजाच्या आधी, संध्याकाळी, मांडवात एक दुसरं गाणं असतं आणि माझ्या यादीत सगळ्यात वर ते यायला हवं होतं. धवला. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण बसते, बहुधा वयाने मोठी बाई, सोबत ओळ झेलणाऱ्या एक-दोघी. तेलवण, हळद, मांडव, प्रत्येक विधीचा वेगळा धवला. तो म्हटल्याशिवाय विधी पुरा होत नाही, म्हणून तिचा मान भटजींच्या बरोबरीचा. चाल तीन-चार सुरांत फिरते, ओळी लांबलचक, घाई कुठेच नाही. देवांना बोलावणं, नात्यातल्या एकेकाचं नाव घेणं, नवरीला सावकाश निरोप देणं. आद्य मराठी कवयित्री महदंबेने तेराव्या शतकात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, ते आपण एम.ए.च्या अभ्यासक्रमात शिकतो. त्याच जातीचं गाणं डोंबिवलीपासून रिक्षाच्या अंतरावर जिवंत आहे.

त्याचं ध्वनिमुद्रण आहे ते बहुतेक मोबाइलवर, मागे डीजे तपासला जात असताना केलेलं. मला हवा तसा अल्बम स्टुडिओत होणार नाही. धवलारणीसमोर नवरी हवी, हळदीचं ताट हवं, मध्येच नाव विसरलं तर आठवून देणारी जाऊबाई हवी. दोन चांगले माइक, एक रेकॉर्डर, डीजेवाल्याशी तासाभराचा करार, आणि वेष्टनावर गाणाऱ्या सगळ्या बायकांची पूर्ण नावं, गावासकट. डोंबिवली-कल्याणमध्ये बेडरूमचा स्टुडिओ करून बसलेली पुष्कळ मुलं आहेत आणि त्यांच्याकडे हे सगळं सामान आहे. हा अंक हाती पडल्यावर थोड्याच दिवसांत तुळशीची लग्नं लागतील आणि हळदींचा मोसम सुरू होईल. त्यांनी आधी धवलारणीची परवानगी घ्यावी, तिचं मानधन ठरवावं, आणि दिवेलागणीच्या आत मांडवात पोचावं.